हौसेचा हिशेब भाताच्या मापाने



उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांनी मामाच्या गावाला जावे, ही आपली जुनी रीत. माझ्या भाच्यांचे मामाचे गाव म्हणजे विरार पूर्वेचा मनवेलपाडा. नावात पाडा आहे. तलाव अजून आहे. पण आजूबाजूला भाताची खाचरे जाऊन इमारती उभ्या राहिल्या. झाडावर चढायचे म्हटले तर झाड नाही आणि विहिरीत डुंबायचे म्हटले तर विहीर नाही. मग मुलांनी सुट्टीत मागावे तरी काय? ती थीम पार्क मागतात.

२०२४च्या मे महिन्यात माझी धाकटी बहीण सफाळ्याच्या बाजूच्या आपल्या गावाहून आमच्याकडे आली. बरोबर मेहुणे, त्यांच्या मातोश्री, तेरा वर्षांची भाची आणि आठ वर्षांचा भाचा. दुसऱ्या दिवशी रात्री पाने वाढली जात असताना भाच्याने विषय काढला. वर्गातली दोन मुले खोपोलीजवळच्या इमॅजिकाला जाऊन आली होती, तेव्हा त्यालाही जायचे होते. मेहुण्यांनी आधीच गावातल्या जीपवाल्याशी बोलणे करून ठेवले होते.

"भावोजी, खर्चाचे काय धरले आहे?" मी विचारले.

मेहुणे काही बोलले नाहीत. बहीणच म्हणाली, "दादा, सोसायटीचे पीककर्ज या आठवड्यात जमा होईल. त्यातून काढू. भात विकला की भरून टाकू."

शेती खात्याच्या नोकरीत हे वाक्य मी अनेकदा ऐकले आहे. लग्नासाठी ऐकले, मोटारसायकलसाठी ऐकले. पाळण्यात बसण्यासाठी मात्र प्रथमच ऐकले. मुलांच्या समोर काही न बोलता मी वही आणि पेन घेऊन बसलो. त्या रात्री आम्ही जो हिशेब मांडला, तोच आज आपल्यापुढे ठेवीत आहे. मुलांना नेऊच नका असे सांगण्यासाठी हा लेख नाही. वर्षभर चिखलात राबणाऱ्या घरालाही एक दिवस हसण्याखेळण्याचा हक्क आहे. प्रश्न एवढाच, की त्या दिवसाची किंमत किती आणि ती कोणत्या पैशांतून द्यायची.

पहिला हिशेब

हिशेब सोपा व्हावा म्हणून आकडे गोल धरले आहेत. तिकिटांचे दर उद्यानागणिक, हंगामागणिक आणि दिवसागणिकही बदलतात. म्हणून आपण निघण्यापूर्वी स्वतः चौकशी करावी. मेहुण्यांच्या मनातला बेत असा होता: मे महिना, रविवार, गावापासून जीप, पाचही माणसे आत आणि रात्री तिकडेच मुक्काम.

जीपचे भाडे: ७,५०० रुपये
तिकिटे, चार पूर्ण व एक लहान: ८,१०० रुपये
आतील खाणेपिणे: २,५०० रुपये
लॉकर, पोहण्याचे कपडे, फोटो, खेळणी: १,४०० रुपये
रात्रीचा मुक्काम: २,५०० रुपये
एकूण: २२,००० रुपये

रुपयांचा आकडा ऐकून माणूस फारसा दचकत नाही, कारण नोटा आल्या तशा जातात. म्हणून मी तो भाताच्या मापात मांडला. २०२३-२४ च्या हंगामात साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,१८३ रुपये होता. त्या भावाने २२,००० रुपये म्हणजे दहा क्विंटल भात. आपल्याकडे चांगले पिकले तर एका एकरात येते, जवळजवळ तेवढे. राब भाजण्यापासून मळणीपर्यंतचे सारे कष्ट त्यात आले, आणि बियाणे, खत, मजुरी त्यातून अजून वजा व्हायची आहे.

मेहुणे वहीकडे बघत राहिले. बहीण म्हणाली, "एका दिवसात एक एकर?"

पीककर्जाला हात का लावू नये

आता कर्जाचे पाहू. आपल्या राज्यात तीन लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज ठरल्या तारखेच्या आत फेडले, तर केंद्र व राज्य यांच्या व्याज सवलतींमुळे शेतकऱ्याला व्याज पडत नाही. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेची ही मर्यादा २०२१ मध्ये तीन लाखांवर नेण्यात आली. पण सवलतीची खरी अट 'वेळेत' या शब्दात आहे. तारीख चुकली की सवलत जाते आणि पुढच्या वर्षीचे कर्जही अडते.

पीककर्जाचा पैसा मे-जूनमध्ये हातात येतो तो बियाणे, खत, नांगरणी आणि लावणीच्या मजुरीसाठी. त्यातले बावीस हजार पाळण्यात फिरले, तर जुलैमध्ये युरियाच्या वेळी हात आखडतो. खत उशिरा पडले की फुटवा कमी, फुटवा कमी की लोंब्या कमी. मग भात विकून कर्ज भरताना जी ओढाताण होते, तिचे मूळ कुणाला आठवत नाही. सहलीचे तिकीट असे दोनदा फाडले जाते: एकदा फाटकावर आणि एकदा खळ्यावर.

तेव्हा पहिला नियम हा: हौस पिकल्या पैशांतून करावी, पेरायच्या पैशांतून करू नये.

उद्यानाचा धंदा कसा चालतो

बचत करायची तर समोरच्याचा धंदा समजून घेतला पाहिजे. बाजारात माल नेताना आपण व्यापाऱ्याचा कल ओळखतो, तसेच हे.

अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात वॉल्टर नॉट नावाचा एक शेतकरी होता. तो बेरीची फळे पिकवून रस्त्याकाठी विकत असे. १९३४ मध्ये त्याच्या पत्नीने, कॉर्डेलिया यांनी, तिथेच कोंबडीचे जेवण वाढायला सुरुवात केली. जेवण एवढे नावारूपाला आले की लोकांना तासन्‌तास थांबावे लागे. थांबलेल्या गर्दीचा वेळ जावा म्हणून नॉट यांनी १९४० मध्ये जुन्या काळच्या गावाचा देखावा उभारायला घेतला. आज ते 'नॉट्स बेरी फार्म' हे मोठे थीम पार्क आहे. त्यानंतर १९५५ मध्ये त्याच भागात डिस्नेलँड सुरू झाले, तेही संत्र्यांच्या बागा काढलेल्या जमिनीवर.

आपल्याकडे गोराईला १९८९ मध्ये एस्सेलवर्ल्ड सुरू झाले. बोटीत बसून तिथे गेलेली एक पिढी आज आईबापांच्या वयाची आहे. १९९८ मध्ये त्याच्या शेजारी वॉटर किंगडम आले. एस्सेलवर्ल्ड २०२२ मध्ये बंद झाले. खोपोलीजवळचे इमॅजिका २०१३ मध्ये सुरू झाले. आमच्या वसई तालुक्यातही शिरसाड फाट्यावरून आत, पारोळच्या बाजूला, वॉटर पार्क आहे.

नॉट यांच्या गोष्टीतून आपल्याला दोन गोष्टी कळतात. थांबलेला माणूस खर्च करतो, ही पहिली. रांगेत दीड तास उभे राहिलेले मूल आईस्क्रीम मागते, उन्हाने घसा सुकला की थंड बाटली मागते. म्हणून जितकी गर्दी जास्त, तितका तिकिटाबाहेरचा खर्च जास्त. दुसरी गोष्ट अशी की पाळण्याला माणसे असोत वा नसोत, वीज, कामगार आणि देखभाल यांचा खर्च चुकत नाही. रिकामी एस.टी. सोडण्यापेक्षा चार उतारू कमी भाड्याने मिळाले तरी बरे, तसेच त्यांचे. म्हणून मंगळवार-बुधवारी, शाळा चालू असताना, तिकीट स्वस्त मिळते आणि रविवारी, मे महिन्यात व दिवाळीत ते महाग असते.

आता आपले दुर्दैव पाहा. मे महिन्यात उद्यान सर्वांत महाग आणि शेतकऱ्याचा खिसा सर्वांत रिकामा. भात विकून झाल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीत, उद्यान स्वस्त आणि आपल्या हातात थोडा पैसा. त्यांचे पंचांग आणि आपले पंचांग उलटे आहे. ते आपल्या फायद्याचे करून घेता येते, फक्त सहा-सात महिने दम धरला पाहिजे.

मी स्वतः केलेली चूक

हे शहाणपण मला फुकट आलेले नाही. माझी मुले लहान असताना एका मे महिन्यात, तेही रविवारी, मी सगळ्यांना घेऊन एका वॉटर पार्कला गेलो होतो. फाटकावर पिशवी तपासली आणि घरून नेलेल्या दशम्या व चिवडा बाहेर ठेवायला लावला. आत सुती कपड्यांनी पाण्यात उतरू देत नव्हते, म्हणून चौघांचे कपडे भाड्याने घेतले. लॉकर एकाऐवजी दोन घेतले. धाकटा मुलगा उंचीत कमी पडला, तेव्हा ज्या घसरगुंडीसाठी तो महिनाभर नाचत होता तिच्या पायऱ्यांवरून त्याला परत पाठवले. तो रडला, त्याची समजूत घालायला खेळणे घेतले. संध्याकाळी हिशेब केला तेव्हा तिकिटाला लागले त्याच्या जवळजवळ निम्मे पैसे तिकिटाबाहेर गेले होते. यातली प्रत्येक गोष्ट आधी विचारून कळली असती. मी विचारले नव्हते.

दुसरा हिशेब

तर त्या रात्री मनवेलपाड्यात आम्ही दुसरे पान उघडले. मुलांना सांगितले की जायचे नक्की, पण भात विकल्यावर, जानेवारीत, मधल्या वारी. भाच्याने तोंड पाडले. मात्र वहीत तारीख लिहिली, त्याच्या हाताने, तेव्हा त्याचा विश्वास बसला. मुलाला 'नाही' म्हटल्याचे दुःख होते. 'केव्हा' ते नक्की सांगितले तर ते वाट पाहते.

मग एकेक खर्च चाळणीत घातला.

प्रवास: जीपऐवजी रेल्वे. २०१३ पासून लोकल डहाणू रोडपर्यंत धावतात, तेव्हा सफाळ्याहून विरारला येणे सोपे झाले आहे. आदल्या संध्याकाळी आमच्याकडे मुक्काम, पहाटेच्या लोकलने विरारहून दादर, तिथून मध्य रेल्वेची खोपोली लोकल आणि शेवटी रिक्षा. वेळ जास्त लागतो, हे खरे. पण रेल्वेत पाच वर्षांखालील मुलाला तिकीट नाही आणि बारा वर्षांखालच्याला अर्धे. ज्यांच्या गावाला रेल्वे नाही त्यांनी एस.टी. धरावी. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. ६५ ते ७५ वर्षांच्या ज्येष्ठांना अर्धे आणि ७५ पूर्ण झालेल्यांना ऑगस्ट २०२२ पासून प्रवास मोफत आहे. आजीचे आधारकार्ड तेवढे बरोबर ठेवावे. आळीतली आठ-दहा घरे एकत्र येत असतील, तर प्रासंगिक करारावर एस.टी.ची अख्खी गाडीही मिळते. आगारात चौकशी करावी.

माणसे: मेहुण्यांच्या मातोश्रींचे वय अडुसष्ट, गुडघे दुखरे. त्यांचे तिकीट आम्ही मानाने धरले होते. मी विचारले, "मावशी, तुम्हाला यायचे आहे का?" त्या म्हणाल्या, "मला कशाला रे त्या चक्रात बसवतोस? मला जीवदानीच्या पायथ्याशी ने, वर बघून हात जोडते." पाचांपैकी एकाला जायचेच नव्हते आणि तिच्यासाठी सतराशे रुपये बाजूला काढले होते! गृहीत न धरता विचारावे.

उंची: पुष्कळ उद्यानांत लहान मुलाचे तिकीट वयावर नसते, उंचीवर असते. फार लहान मुलाला तिकीटच नसते. पण मोठ्या पाळण्यांवर बसायलाही किमान उंचीची अट असते. म्हणून घरातल्या भिंतीवर टेपने खूण करावी आणि उद्यानाच्या दरपत्रकाशी ताडून पाहावी. भाचा दोन-तीन मोठ्या पाळण्यांना कमी पडणार होता. ते त्याला घरीच सांगितले, म्हणून तिथे रडारड झाली नाही. घरातली सगळीच मुले चार-पाच वर्षांची असतील, तर महागड्या उद्यानाची घाई करू नये. गोऱ्हा दाती येण्याआधी आपण औताला जुंपत नाही. दोन वर्षे थांबले तर तेच तिकीट दुप्पट कामी येते.

खाणे: बाहेरचे पदार्थ बहुतेक ठिकाणी आत नेऊ देत नाहीत. तेव्हा पहाटे केलेले घावन, चटणी आणि उकडलेली अंडी गाडीत व फाटकाबाहेर बसून पोटभर खावी. आत एकच जेवण घ्यावे, तेही दुपारी दोननंतर. गर्दी ओसरलेली असते. रिकामी बाटली बरोबर चालते का ते विचारून ठेवावे, म्हणजे आतल्या पाणपोईवर भरता येते. परतीची शिदोरी आतल्या लॉकरात न ठेवता स्टेशनजवळ घेतलेली बरी. तान्ह्या बाळाचे दूध आणि आजाऱ्याचे औषध नेण्यास सहसा हरकत घेत नाहीत. डॉक्टरची चिठ्ठी जवळ असावी.

किरकोळ: पाण्यात खेळायचे असेल तर नायलॉनचे कपडे आधीच बाजारातून घ्यावे. एकदा घेतले की भावंडांना पुरतात. लॉकर सगळ्यांत मिळून एक. मुलांना प्रत्येकी शंभर रुपये हातखर्च द्यावा आणि सांगावे की हे तुमचे, उरले तर तुमचेच. भाचीने त्यातले सत्तर रुपये परत आणले! आपल्या खिशातून मागताना मुलांचा हात सैल असतो, स्वतःच्या मुठीतले सोडताना ती विचार करतात.

तिकीट: आगाऊ घेतलेले तिकीट फाटकावरच्या तिकिटापेक्षा बहुधा स्वस्त पडते. गटाला, विद्यार्थ्यांना, वाढदिवसाला सवलत आहे का ते विचारावे. वॉटर पार्क आणि कोरडे पाळणे यांचे तिकीट वेगवेगळे असेल, तर एका दिवसात एकच घ्यावे. दोन्ही धावत उरकण्यात पैसा जातो आणि दोन्ही अर्धेच होतात. दर विचारताना 'कर धरून किती?' असे विचारावे. जानेवारी २०१८ मध्ये अशा उद्यानांवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणला गेला. हजाराच्या तिकिटावर १८ टक्के म्हणजे १८० रुपये. एवढा फरक शेवटच्या क्षणी कळू नये.

आता दुसऱ्या पानाची बेरीज पाहा:

रेल्वे व रिक्षा, जाऊन येऊन: १,००० रुपये
तिकिटे, तीन पूर्ण व एक लहान: ४,९०० रुपये
आतील एक जेवण: १,२०० रुपये
लॉकर व हातखर्च: ४०० रुपये
मुक्काम: मामाच्या घरी
एकूण: ७,५०० रुपये

बचत कुठे झाली?

बावीस हजारांतून साडेसात हजार वजा केले तर १४,५०० रुपये वाचले. पण त्याहून महत्त्वाचे हे, की ते कुठे वाचले. जीप सोडल्याने ६,५००, मुक्काम टळल्याने २,५००, मावशींचे तिकीट न काढल्याने १,७००, खाण्यात १,३००, किरकोळीत १,०००. प्रत्यक्ष तिकिटाच्या दरात मधल्या वारामुळे वाचले ते अवघे १,५००.

आपण मात्र नेमके उलटे करतो. तिकिटावर शंभर रुपये सवलत मिळावी म्हणून दहा ठिकाणी फोन करतो आणि सात हजारांची जीप न विचारता ठरवतो. शेतातही हेच दिसते. बियाण्याच्या पिशवीवर वीस रुपयांची घासाघीस होते आणि बांध फुटून वाहून जाणाऱ्या पाण्याकडे लक्ष नसते. मोठी गळती आधी बुजवावी.

पैसा जमवला कसा?

साडेसात हजारसुद्धा आकाशातून पडत नाहीत. बहिणीच्या परसात आणि विहिरीजवळच्या तुकड्यात भाजी असते. जूनपासून डिसेंबरअखेर तीस आठवडे, भाजीच्या पैशांतून दर आठवड्याला २५० रुपये वेगळ्या डब्यात पडायचे असे ठरले. मुलांनी काकडीच्या वेलांना मांडव करायचा, तण काढायचे, तोडणीला हात लावायचा. अडीचशे गुणिले तीस म्हणजे साडेसात हजार. एखादा आठवडा चुकला तर पुढच्या आठवड्यात भरून काढायचे. डब्याचा हिशेब भाचीकडे. डब्यातला पैसा मधेच कामाला लागेल अशी भीती असेल, तर महिन्याच्या महिन्याला तो बँकेच्या बचत खात्यात टाकावा किंवा बचत गटात वेगळा ठेवावा.

या रीतीचा आणखी एक गुण आहे. ज्या सहलीसाठी मुलांनी मांडव बांधला, ती सहल त्यांना बापाने आणून दिलेली वाटत नाही, स्वतः कमावलेली वाटते.

फसवणुकीपासून सावध

आजकाल मोबाइलवर 'अर्ध्या किमतीत तिकिटे', 'कुटुंबाला मोफत प्रवेश' असे संदेश येतात. त्यातल्या दुव्यावर बोट ठेवले की खाते रिकामे होते. तिकीट उद्यानाच्या स्वतःच्या खिडकीवर किंवा त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावरच घ्यावे. आलेला ओटीपी कुणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर लाजून गप्प न बसता ताबडतोब १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. जितका उशीर, तितका पैसा परत मिळणे अवघड.

प्रकृतीचीही काळजी घ्यावी. हृदयविकार, पाठीचे दुखणे किंवा गरोदरपण असेल तर जोराच्या पाळण्यांवर बसू नये. लहान मुलाच्या खिशात आईवडिलांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी. आणि पावसाळ्यात जायचे असल्यास ध्यानात असू द्या, मुसळधार पावसात वा विजा चमकत असताना उघड्यावरचे मोठे पाळणे थांबवतात.

तेवढेही शक्य नसेल तर

काही घरांना यंदा साडेसात हजारही जड जातील. त्यांनी खंत करू नये. मुलांना हवा असतो तो आईबापांचा अख्खा दिवस. शेतावर आपण दिवसभर एकत्र असतो, पण तेव्हा आपले डोळे पिकाकडे असतात. अर्नाळ्याचा किनारा, होडीतून जाऊन पाहायचा अर्नाळा किल्ला, केळव्याची सुरुबने, चिमाजीअप्पांनी १७३९ मध्ये जिंकून घेतलेला वसईचा किल्ला, वज्रेश्वरीची गरम पाण्याची कुंडे, ही सारी आपल्या पालघर-ठाण्याच्या हद्दीत आहेत. एस.टी.चे भाडे आणि घरची शिदोरी एवढ्यात दिवस पार पडतो. शाळेची सहलही हिशेबात घ्या. डिसेंबर-जानेवारीत शाळा नेतात तेव्हा गटाचा दर लागतो आणि शिक्षक बरोबर असतात. गुरुजींना आधी भेटून ठिकाण सुचवायला हरकत नाही.

आणि मग जानेवारी

जानेवारी २०२५ मध्ये भात विकून झाल्यावर, शाळेत एका दिवसाच्या रजेचा रीतसर अर्ज देऊन, चौघे एका मंगळवारी पहाटे आमच्या घरून निघाले. माझ्या पत्नीने रात्री तीनला उठून घावन घातले. मावशी आमच्याकडे राहिल्या. उन्हे तापण्याआधी मी त्यांना जीवदानीच्या पायथ्याशी नेले. त्यांनी वर पाहून हात जोडले आणि नातवंडांसाठी नारळ ठेवला.

रात्री बाराच्या सुमारास चौघे परतले. भाचा बापाच्या खांद्यावर झोपला होता. मधल्या वारामुळे रांगा लहान होत्या. एकाच पाळण्यात तो चार वेळा बसला आणि चौथ्यांदा डोळे उघडे ठेवले, हे त्याने सकाळी उठल्याबरोबर सांगितले. भाचीने वही पुढे केली. खर्च ७,६८० रुपये झाला होता. वरचे १८० रुपये मेहुण्यांचे. पाळणा खाली येताना घाबरून ओरडतानाचा त्यांचा फोटो निघाला होता आणि तो बहिणीने हट्टाने विकत घेतला.

मार्चमध्ये बहिणीचा फोन आला. सोसायटीचे कर्ज तारखेच्या आत भरले, व्याज पडले नाही. २०२४-२५ च्या २,३०० रुपये हमीभावाने ती सहल सव्वातीन क्विंटल भाताची झाली होती आणि पेरणीच्या पैशांतला एक रुपयाही तिला लागला नव्हता. मेहुण्यांचा तो फोटो आता त्यांच्या ओटीवर, भाताच्या कणगीच्या वर लावला आहे. डबा पुन्हा रिकामा करून फळीवर ठेवला आहे. भाचा दर महिन्याला भिंतीवरच्या खुणेशी उभा राहून उंची मोजतो.

आपल्या घरीही असे पान उघडा. डाव्या बाजूला मुलांनी मागितलेले लिहा, उजव्या बाजूला त्याचे भात, ज्वारी किंवा कापूस यांत माप लिहा आणि खाली तारीख टाका. हौस मोडू नका, तिला हंगाम द्या.